चार रकाने आणि समासातला पाचवा: अमळनेरचा रविवारचा शुभवर्तमान-वर्ग

पैशाचं आधी सांगते, कारण फोन करणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो. दहा रविवारांचे बाराशे रुपये, त्यात पुस्तक आलं. चहा ज्याचा त्याने खालच्या टपरीवर प्यायचा. पैसे वसूल होतात का? होतात. शेवटचे दोन रविवार जरा हातातून निसटले, तरी पाचात चार गुण मी बिनदिक्कत देईन.

दुसरा प्रश्न फोनवर कुणी विचारत नाही, गल्लीत मात्र सगळे विचारतात. "ताई, तिकडे प्रार्थना-बिर्थना घेता का हो?" नाही घेत. गाणी नाहीत, पत्रकं नाहीत, कुणी डोक्यावर हात ठेवत नाही. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार कथा, कशी लिहिली गेली आणि ज्या यहुदी घरात ती जन्मली त्या घराशी त्यांचं नातं काय, एवढाच विषय. शिकवणारे निवृत्त प्राध्यापक आहेत, तत्त्वज्ञानाचे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नुसतं सर. 1916 साली प्रताप शेठजींनी ज्या गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं, त्या गावात असा वर्ग चालावा यात खरं तर नवल नाही. पण 2024चं साहित्य संमेलन भरवलेल्या गावाला या माडीवर चौदा खुर्च्या भरवता येत नाहीत, याचं आहे.

पुस्तक म्हणजे आडव्या कागदाची, स्पायरल बांधणीची वही. पानावर चार उभे रकाने, एकेका शुभवर्तमानाचा एकेक. एकच प्रसंग चौघांनी कसा सांगितला ते शेजारी-शेजारी दिसतं. ज्याच्याकडे तो प्रसंगच नाही त्याचा रकाना कोरा. ही युक्ती जुनीच. ग्रीसबाख नावाच्या जर्मन अभ्यासकाने 1770च्या दशकात मूळ ग्रीक पाठ असे समोरासमोर मांडले आणि तेव्हापासून हा अभ्यास अशा पानांवरच चालतो. सरांनी घातलेली भर डाव्या समासात आहे. तिथे बारीक टाइपात पाचवा रकाना आहे: यहुदी शास्त्रातलं मोशेचं नियमशास्त्र, संदेष्टे, स्तोत्रं, मधूनच मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या जुन्या गुंडाळ्यांतली ओळ, मधूनच मिश्ना या यहुदी गुरूंच्या मतांच्या संग्रहातली. वर्गाची खरी किंमत त्या पाचव्या रकान्याची आहे. बाकीचे चार कुठल्याही बायबलात मिळतील.

माझी उमर धरणगाव-जळगावच्या छापखान्यांत मुद्रितं तपासण्यात गेली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, कधीमधी एखादा कवितासंग्रह. एका हाताशी मूळ प्रत, दुसऱ्या हाताशी मुद्रित, आणि डोळा दोन्हींत ये-जा करत राहतो. त्यामुळे मला ही वही पहिल्या दिवसापासून लागू पडली. ज्यांना ही सवय नाही त्यांना पहिले दोन रविवार जड जातात. शेजारचा एमपीएससीवाला मुलगा तर तिसऱ्या रविवारी आलाच नाही.

सनावळ्या सर पहिल्याच तासाला उरकून टाकतात. मार्क सर्वांत जुना, साधारण इसवी सन 70च्या आसपासचा. मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, योहान शतकाच्या अखेरीला. चौघंही ग्रीकमध्ये. मार्कातला सुमारे 90 टक्के मजकूर मत्तयात या ना त्या रूपात येतो. मत्तय आणि लूक या दोघांकडे आहे पण मार्काकडे नाही, असा आणखी एक साठा आहे, आणि तो एखाद्या हरवलेल्या संग्रहातून आला असावा असं बरेच अभ्यासक धरतात. या सगळ्याच्या मधोमध 70 साल उभं आहे. त्या साली तीतसच्या रोमन फौजेने यरुशलेमचं मंदिर जाळलं. बळी, याजक, यात्रा, सगळं ज्याच्याभोवती फिरत होतं ते उरलंच नाही. आता यहुदी असणं म्हणजे काय, हा प्रश्न त्या पिढीतल्या प्रत्येक यहुदी गटापुढे आला, आणि येशूला मानणारे यहुदी हा त्यातलाच एक गट. शुभवर्तमानं या प्रश्नाच्या धगीत लिहिली गेली, हे सर फळ्यावर लिहीत नाहीत. ते वहीच उघडायला लावतात.

चौथ्या रविवारी हात धुण्याचा प्रसंग घेतला. माझ्या मते अख्ख्या वर्गातला हा सगळ्यात भरलेला दिवस.

मार्काचा सातवा अध्याय. येशूचे शिष्य हात न धुता जेवताना दिसतात आणि परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा एक यहुदी गट, हरकत घेतात. इथे मार्क गोष्ट थांबवतो आणि वाचकाला दोन वचनं भरून समजावून सांगतो: परूशी आणि सगळे यहुदी हात धुतल्याशिवाय जेवत नाहीत, वाडवडिलांची रीत पाळतात, बाजारातून आल्यावर असं करतात, प्याले, भांडी, तांब्याची पात्रं धुतात. सर म्हणाले, आता शेजारचा रकाना बघा. मत्तयाच्या पंधराव्यात तीच हरकत, तेच उत्तर, पण हे समजावणं सपशेल गायब. कोऱ्या जागेवर बोट ठेवून सरांनी विचारलं, "का काढलं असेल?"

उत्तर नवापूरहून येणाऱ्या पास्टरांनी दिलं. घरी मावची बोलणारा शांत माणूस, पॅसेंजरने येतो, परतीच्या गाडीसाठी सव्वापाचला उठतो. ते म्हणाले, "आमच्या गावात डोंगऱ्या देवाचं कोणी मला समजावत नाही, सर. बाहेरचा आला तरच समजावतात." मार्काचा वाचक बाहेरचा होता, मत्तयाचा घरातला. एका पानावरून एवढं कळतं.

पण तिथेच थांबायचं नव्हतं. याच प्रसंगात पुढे मार्क एक शेरा घालतो की असं बोलून येशूने सगळं अन्न शुद्ध ठरवलं. मत्तयाच्या रकान्यात हा शेरा नाही. उलट त्याने शेवटी वेगळंच वाक्य जोडलं आहे: न धुतलेल्या हातांनी जेवल्याने माणूस विटाळत नाही. म्हणजे भांडण पुन्हा हातांपुरतं आणून ठेवलं. डुकराचं मांस खावं की नाही, हा विषय मत्तयाने उघडूच दिला नाही. एखाद्या संपादकाने सहकाऱ्याचा लेख छापताना एक वाक्य गुपचूप उडवावं आणि खाली आपलं एक सोयीचं घालावं, अगदी तसं. मी पेन्सिलने दोन्ही जागांना गोल केले आणि तेवढ्यावर माझे बाराशे वसूल झाले.

वर्गात एक कीर्तनकार महाराज येतात, पारोळ्याकडचे. त्यांनी लगेच अहिराणीत हेका धरला, "हाई ते आपलं सोवळंच शे!" सगळे हसले, माना हलल्या. मलाही तसंच वाटलं होतं. सरांनी मात्र तिथे ब्रेक लावला आणि वीस मिनिटं त्यावर घालवली, जी मला वर्गातली सर्वांत प्रामाणिक वीस मिनिटं वाटली. नियमशास्त्रातल्या लेवीय आणि गणना या पुस्तकांतला विटाळ प्रसंगाचा आहे, असं ते म्हणाले. प्रेताला हात लागला, बाळंतपण झालं, स्राव झाला, तर माणूस अशुद्ध. पाण्याने आणि ठरलेल्या दिवसांनी तो शुद्ध. याजकांचं घराणं जन्माने ठरे आणि त्यांना नियम जास्त कडक, हे खरं. पण अमक्या जातीत जन्मला म्हणून जन्मभर अशुद्ध, हे तिथे नाही. अशुद्ध होणं म्हणजे पाप करणंही नाही. आईला पुरायला गेलेला मुलगा पुण्यच करत असतो आणि अशुद्धही होतो. आपल्या डोक्यातलं सोवळं तिथे नेऊन बसवलं की परूशी आपोआप खलनायक होतात, असं सर म्हणाले. महाराज गप्प बसले. पटलं म्हणून की राग आला म्हणून, ते कळलं नाही. पुढच्या रविवारी मात्र आले.

परूशांबद्दलची माझी कल्पना या वर्गात पार बदलली. मंदिरात याजकांनी पाळायची शुद्धी साध्या घरातल्या ताटापर्यंत आणायची, हा त्यांचा आग्रह होता असं पुष्कळ अभ्यासक मानतात. त्या काळातली दगडी भांडी उत्खननात भरपूर सापडली आहेत, कारण दगडाला विटाळ लागत नाही असा नियम. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात काना गावच्या लग्नात पाण्याचे सहा दगडी रांजण आहेत, तेही शुद्धीसाठीच. मी ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. रांजण दगडाचे का, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

मेंढराचं उदाहरणही असंच. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, येशू वाळल्या हाताच्या माणसाला बरं करतो, हा प्रसंग मार्काकडे आहे. मत्तय त्यात एक सवाल भरतो: शब्बाथ दिवशी मेंढरू खड्ड्यात पडलं तर तुमच्यातला कोण त्याला वर काढणार नाही? पाचव्या रकान्यात या ओळीसमोर दमास्कस दस्तऐवज नावाच्या मजकुरातला नियम आहे. त्याच्या प्रती कुमरानच्या गुहांतही मिळाल्या. तो सांगतो की शब्बाथ दिवशी जनावर खड्ड्यात पडलं तरी वर काढू नये. म्हणजे "कोण काढणार नाही?" या प्रश्नाला खरोखर "आम्ही नाही काढणार" म्हणणारे यहुदी होते! आणि मत्तयाचा येशू समोरच्याला धरून चालतो की तू त्यांच्यापैकी नाहीस. अशी बाचाबाची परका माणूस करूच शकत नाही. हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या परंपरांतले वाद पुढे मिश्नात, साधारण इसवी सन 200च्या सुमारास, नोंदले गेले, आणि तिथे हरलेल्याचं मतही जपून ठेवलं आहे. ती सवय कळल्यावर शुभवर्तमानांतले वाद वेगळ्या कानाने ऐकू येतात.

मग तोच वाद कडवट कसा होत गेला, हेही रकानेच दाखवतात. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, हा प्रश्न घ्या. मार्काकडे एक शास्त्री, म्हणजे नियमशास्त्राचा जाणकार, विचारतो आणि येशू यहुद्यांच्या रोजच्या पाठातल्या ओळीपासून सुरुवात करतो: हे इस्राएला ऐक, आपला देव परमेश्वर हा एकच परमेश्वर आहे. शास्त्री म्हणतो, गुरुजी, बरोबर बोललात. येशू म्हणतो, तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. दोघंही एकमेकांवर खूश. लूकाकडे शास्त्री परीक्षा पाहायला येतो, तरी ते उत्तर तोच देतो आणि येशू त्याला शाबासकी देतो. मत्तयाकडेही तो परीक्षा पाहायलाच आलेला आहे, पण इथे शाबासकी नाही, काही नाही. आणि पुढच्या अध्यायात परूशांवर शापांचा मारा. गंमत म्हणजे चौघांत सर्वांत यहुदी वळणाचा हाच. वंशावळ अब्राहामापासून, पाच मोठी प्रवचनं, नियमशास्त्र मोडायला आलो नाही असं येशूच्या तोंडी. सरांचं म्हणणं, मंदिर गेल्यावर वारसा कोणाचा, हे भांडण त्याच्या दारात होतं, म्हणून त्याचा आवाज चढला. मला हे पटतं. आमच्या भावकीत बांधावरून बोलणं बंद झालं ते चुलत्यांशी. चार गावं पलीकडच्याशी कोण भांडायला जातं?

गाढवाच्या प्रसंगाला मी मनसोक्त हसले. जखऱ्या संदेष्ट्याच्या ओळीत राजा गाढवावर बसून येतो, "गाढवीच्या पिलावर" असं तीच गोष्ट दुसऱ्यांदा म्हणत. हिब्रू कवितेची चालच तशी, एक गोष्ट दोन अर्ध्यांत सांगायची. मार्काकडे एकच शिंगरू. मत्तयाकडे गाढवीही येते, शिंगरूही येतं, दोघांवर वस्त्रं पडतात आणि येशू त्यांच्यावर बसतो. मुद्रित असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह टाकून लेखकाकडे परत पाठवलं असतं. पण सर म्हणाले, याला कविता कळत नव्हती असं समजू नका. शास्त्रातलं अक्षर न् अक्षर खरं झालं हे दाखवायची त्याची जिद्द बघा.

क्रूसाचा प्रसंग वाचताना मात्र कुणी हसलं नाही. पाचव्या रकान्यात बाविसावं स्तोत्र पूर्ण छापलं आहे. माझ्या देवा, तू मला का सोडलंस ही हाक, डोकी हलवून केलेली टवाळी, कपड्यांवर टाकलेल्या चिठ्ठ्या, सगळं स्तोत्रात आधीपासून आहे, आणि मार्क ते कुठेही "शास्त्रात असं आहे" न म्हणता गोष्टीत विणत जातो. त्याच जागी योहान थांबून सांगतो की शास्त्रलेख पूर्ण झाला. मार्काला अवतरणचिन्हांची गरज वाटली नाही, कारण त्याच्या कानात ते स्तोत्र घोळतच होतं. मग काय घडलं आणि काय स्तोत्रातून आलं, हे वेगळं कसं काढायचं? पास्टरांनी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांचा आवाज जरा बसला होता. सरांनी उत्तर गुळमुळीत दिलं नाही. क्रूसावर मरण रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने आलं यावर अभ्यासकांचा फारसा वाद नाही, बारीकसारीक तपशिलावर आहे, असं सांगितलं आणि पुढचं पान उलटायला लावलं नाही. बसू दिलं.

लूकाच्या सुरुवातीच्या चार ओळी वाचल्या तेव्हा एका महानुभाव आजोबांनी म्हाइंभटाची आठवण काढली. चक्रधरांना पाहिलेल्यांना विचारत फिरून त्यांनी लीळाचरित्र जमवलं. लूकही म्हणतो, प्रत्यक्ष पाहिलेल्यांकडून आलेलं नीट शोधून, क्रमाने लिहितो आहे. एवढंच साम्य पुरे होतं, पण आजोबांनी पुढे अर्धा तास घेतला. सर कोणाला थांबवत नाहीत, हा गुण की दोष ते तुम्ही ठरवा. त्या अर्ध्या तासात लूकाचं मंदिर राहून गेलं: त्याची गोष्ट मंदिरात धूप जाळणाऱ्या याजकापासून सुरू होते आणि मंदिरात देवाची स्तुती करणाऱ्या शिष्यांवर संपते, आणि हे सगळं मंदिर जळून गेल्यावर लिहिलेलं. मी हे घरी वाचलं. वर्गात यायला हवं होतं.

मत्तयाच्या सत्ताविसाव्यातलं, जमाव ओरडतो ते वाक्य, "त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर", सरांनी टाळलं नाही. ते फक्त मत्तयाच्या रकान्यात आहे. बाकीचे तीन कोरे. त्या एका ओळीचा आधार घेऊन युरोपात शतकानुशतकं यहुद्यांना देवाचे मारेकरी ठरवलं गेलं. 1965 साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लिहून दिलं की येशूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांवर सरसकट टाकता येत नाही आणि आजच्यांवर तर नाहीच. घरातल्या भांडणात बोललेलं वाक्य घर सोडून गेलेल्यांच्या हाती पडलं की त्याचं काय होतं, ते त्या पानावर दिसतं. हा विषय इतका नीट हाताळणारा माणूस खान्देशात दुसरा असेल असं मला वाटत नाही.

आता तक्रारी. योहानाला दोनच रविवार, आणि त्यातला एक तर शब्द आणि ज्ञान या तत्त्वज्ञानात गेला. सरांचा तो आवडता प्रांत. त्यामुळे योहान "यहुदी" हा शब्द सत्तरच्या आसपास वेळा वापरतो, बहुतेकदा विरोधक म्हणून, आणि तोच योहान तारण यहुद्यांमधून आहे असंही येशूच्या तोंडी घालतो, हा गुंता सुटला नाही. सभास्थानाबाहेर, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहाबाहेर, काढण्याची भीती त्याच्याकडे तीनदा येते. त्याची अख्खी गोष्ट वल्हांडण, मंडपांचा सण, पुनःस्थापनेचा सण अशा यहुदी सणांवर टांगलेली आहे. एवढा ऐवज पुस्तकात छापलेला असून उघडलाही नाही.

वहीची छपाई तर माझ्यासारखीला ताप आणणारी. यशया संदेष्ट्याचं नाव तीन प्रकारे. चौथ्या रकान्याची उजवी कड काही पानांवर स्पायरलच्या भोकांनी खाल्ली आहे, म्हणजे सोसावं लागतं ते बिचाऱ्या योहानालाच. मी दुरुस्त्यांची यादी सरांना दिली; पुढच्या छपाईत होतील म्हणाले.

जिना अरुंद आणि उभा आहे, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून या. पंखा एकच, डाव्या भिंतीकडे, तेव्हा लवकर येऊन तिकडची खुर्ची धरा. वही वेगळी विकत नाहीत, वर्गासोबतच मिळते. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या गर्दीमुळे वर्ग बंद असतो, नवी तुकडी त्यानंतर घेतात. पेन नको, पेन्सिल आणा. कागद पातळ आहे, शाई मागे फुटते.